मायनस अठराची बैठक

सुनंदाने केलाँगला जायचं ठरवलं, तेव्हा घरात एकालाही केलाँग कुठे आहे ते माहीत नव्हतं. पण तिथे जायचं नाही, हे मात्र सगळ्यांना एका मिनिटात कळलं.

"कुठं म्हनालीस?" थोरले दीर शत्रुघ्न तंबाखू मळत होते, त्यांनी मान वर न करता विचारलं.

"केलाँग. मनालीच्या पुढं. डोंगराखालून मोठा बोगदा हाय, त्याच्या पलीकडं."

"आनि पलीकडं काय हाय?"

"मटार."

भाऊजींचा अंगठा तळहातावर जागीच थांबला. चांदीप गावातल्या त्या ओट्यावर त्यांनी अडुसष्ट वर्षांत पुष्कळ येडेपणा ऐकला होता, पण हा नवीन होता. "मटार विरारच्या बाजारात पन भेटतो, सुनंदा."

"तो काय मटार हाय? तो थकलेला असतो."

आता सुनंदाची थट्टा आणि सुनंदाचं खरं यांतला फरक ओळखणं हे त्या घरात कोणालाच जमलेलं नव्हतं, आणि त्यात लोकांचा दोष नव्हता. पंचावन्न वर्षांची ही बाई. हिने एकदा याच भाऊजींच्या डबीतला चुना काढून पांढरी टूथपेस्ट भरली होती, आणि भाऊजी तीन दिवस "या वेळचा चुना गार लागतो, पन चांगला हाय" म्हणून गावाला सांगत फिरले होते. त्यामुळे ती गंभीर चेहऱ्याने काही बोलली की लोक आधी आपले खिसे चाचपत.

पण मटाराचं खरं होतं.

वालीवला एक कोल्ड स्टोरेज आहे. नाव सांगत नाही, मालक मनाला लावून घेतो. तिथे बावीस वर्षं सुनंदा मटाराची पोती लावत होती. उणे अठरा डिग्रीत. मायनस अठरा, असं तिथे सगळे म्हणतात. मटार म्हणजे तिच्या लेखी हिरवी खडी. पोतं हलवलं की खडखड वाजायचं, बोटाला लागलं की नख काळं पडायचं. गेल्या वर्षी केलाँगहून माल घेऊन एक ट्रकवाला आला आणि गाडी खाली व्हायची वाट बघत दोन दिवस गेटवर अडकला. सुनंदाने त्याला घरची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. गडी खाताना रडला. तिखटाने की प्रेमाने, ते कळलं नाही. मग त्याने मोबाइलवर आपल्या बायकोचं शेत दाखवलं. चारी बाजूंनी डोंगर, वर बर्फ, खाली नदी, आणि मधे वाटीत ठेवल्यासारखं हिरवंगार गाव. बाया वाकून शेंगा तोडत होत्या. एकीने अंगठ्याने शेंग उभी फोडली, दाणे तोंडात टाकले आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली.

तीच ट्रकवाल्याची बायको. तिने व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "दीदी, अगस्त में आ जाओ. तोड़ने को हाथ कम पड़ते हैं."

आणि सुनंदाने म्हटलं, "आती मैं."

बस्. शब्द दिला. बावीस वर्षं ज्याला दगड म्हणून उचललं, तो वेलीवर मऊ असताना एकदा आपल्या हाताने तोडायचा. आवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपली की गणपतीच्या आधी पंधरा दिवस मोकळे असतात. भात आपलं आपलं वाढत असतं, त्याला कोणी बघत बसावं लागत नाही. सोबतीला सँड्रा होती. ती कोल्ड स्टोरेजची सुपरवायझर, वसई गावातली, सुनंदाएवढीच वयाने आणि दुप्पट आवाजाने. ऑगस्टच्या गाडीचं बुकिंग रविवारी सकाळी आठला उघडणार होतं. सँड्रा मोबाइल घेऊन तयार बसणार होती. सगळं ठरलं होतं. फक्त घरी सांगायचं राहिलं होतं.

ते आता सांगून झालं.

"थंडी किती असते तिकडं, ठाव हाय का?" भाऊजींनी तंबाखू ओठाखाली सारली. "मानूस लाकूड होतो."

"ऑगस्टात नाय होत. ऑगस्टात तिकडं नुसता स्वेटर लागतो."

"कोन सांगतो?"

"तिकडचीच बाय सांगते."

"तिला सवय हाय. तू चांदीपची."

विघ्नेश, सुनंदाचा मुलगा, त्या दिवशी एव्हरशाईन सिटीहून आला होता. तिथे तो सातव्या मजल्यावर राहतो आणि एसी चोवीसवर लावून गोधडी घेतो. त्याने फोन पुढे केला. "आई, दहा हजार फूट आहे. ऑक्सिजन कमी असतो. तुझ्या वयात ही थंडी झेपणार नाही. आणि दोघीच लेडीज? हे बघ, मी तुला डिसेंबरमध्ये महाबळेश्वरला नेतो. हॉटेलमध्ये हीटर आहे."

"महाबळेश्वरला मटार हाय?"

"स्ट्रॉबेरी आहे."

"स्ट्रॉबेरीनं मला बोलावलं नाय, बाबा."

धर्मा, सुनंदाचा नवरा, पायरीवर बसून खराट्याच्या काड्या नीट करत होता. धर्मा म्हणजे भला माणूस. मोठ्या भावासमोर तो देव्हाऱ्यातल्या नारळासारखा असतो. जागेवर असतो, बोलत नाही.

भाऊजींनी अंगणात पिंक टाकली आणि निकाल दिला. "बैठक घेऊ. शुक्रवारी."

इथे या घरातल्या बैठकीचं सांगायला हवं.

आजेसासऱ्यांच्या वेळेपासून हा कायदा. घरात कोणाला काही वेगळं करायचं असेल, तर बैठक बसायची. हो म्हणणारा आणि नाही म्हणणारे समोरासमोर बसायचे, आणि एकमत होईपर्यंत बसूनच राहायचं. जो आधी उठला, त्याचा शब्द पडला. कारण कसलंही असो. आणि पडलेला शब्द परत उचलायचा नाही. जमिनीच्या वाटण्यासुद्धा अशाच झाल्या होत्या. भाऊजींच्या वडिलांनी म्हणे एकदा दोन दिवस मांडी मोडली नव्हती.

कायदा सगळ्यांना सारखा. फक्त एक गंमत होती. बैठक रंगात आली की भाऊजी म्हणायचे, "चहा टाका जरा." आणि बाई उठायची. उठली की पडली. सुनंदाला स्कूटी शिकायची होती, तेव्हा ती अडीच तास हलली नव्हती. मग आत कुकरची चौथी शिटी झाली. अंगणात नळ हवा होता, तेव्हा विघ्नेश लहान होता, तो पाळण्यात रडला. भाऊजींची बायको कृष्णाबाई तर चाळीस वर्षांत एकही बैठक जिंकली नव्हती. हल्ली ती बसतच नसे. सरळ चुलीकडे जायची, मधला वेळ वाचायचा.

तर शुक्रवारी बैठक. भाऊजी पुड्या भरून तंबाखू घेऊन बसणार, नवाचे बारा करणार, आणि मग चहा मागणार.

दुसऱ्या दिवशी सुनंदा कामावर तोंड पाडून आली. सँड्राने तिला जाकीट चढवताना बघितलं.

"काय गं? कोण गेलं?"

"अजून नाय गेलं. शुक्रवारी मीच जानार."

सगळं ऐकून सँड्रा म्हणाली, "मूर्ख आहेस. सांगायचंच कशाला? मुलाकडे राहायला जाते म्हणायचं आणि गाडीत बसायचं."

"चोरून?" सुनंदाने मटाराचं पोतं असं आपटलं की वरचं बर्फ उडालं. "बावीस वर्षं या खोपटात हाडं गोठवली मी. घराचं छप्पर याच पैशातून बदललं. मी चोरून नाय जानार. गावातून जानार, सकाळच्या वेळी, बॅग हातात घेऊन, सगळ्यांना रामराम करत. आनि माझ्या नवऱ्याला मागून कोनी टोमना मारता कामा नये की याची बायको पळाली."

"मग जिंक बैठक."

"कशी जिंकू? तिथं ओटा त्यांचा, तंबाखू त्यांची, चूल माझी."

"दुसरीकडे घ्या मग."

सुनंदाचा हात पोत्यावरच राहिला. ज्याची मागणी, त्याने जागा सांगायची, हासुद्धा कायदा होताच की! ओट्याशिवाय दुसरी जागा कधी कोणी सांगितली नव्हती, म्हणून सगळे विसरले होते. तिने चेंबरभर नजर फिरवली. छताला टांगलेले पंखे घोंघावत होते, पोत्यांवर पांढरी भुकटी जमली होती, दारावर प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्या लोंबत होत्या.

मग ती हसायला लागली. सँड्रा तिला ओळखून होती. ती म्हणाली, "नाही. अजिबात नाही. सुनंदा, नाही."

"शुक्रवारी आपल्याला सुट्टी. पन मशीन चालू असतं, तापमान बघायला तू येतेसच."

"मालकाला कळलं तर?"

"आपन काय माल चोरतो? त्यांना थंडीची काळजी हाय, मी थंडी दाखवते. दार आतून ढकललं की उघडतं, ते आधी दाखवू. सगळ्यांना जाकिटं देऊ. तू दारात उभी राहा. कोनाला काय झालं तर ओढून काढ."

सँड्राने छातीवर क्रूसाची खूण केली. मग विचारलं, "तुझ्या त्या भाऊजींना कुठल्या मापाचं लागेल?"

शुक्रवारी सकाळी धर्माच्या टेम्पोतून सगळी वरात वालीवला आली. भाऊजी पांढऱ्या सदऱ्यात, खिशात तंबाखूची डबी. विघ्नेश लॅपटॉप घेऊन, त्याचं घरून काम होतं, साडेअकराला मीटिंग होती. मागे कृष्णाबाई थर्मास मांडीवर धरून. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पण बैठक आहे म्हणजे चहा लागणार, एवढं तिला माहीत होतं.

"कारखान्यात बैठक?" भाऊजी गेटवर कुरकुरले. "काय तमाशा हाय हा?"

"मागनी माझी, जागा माझी. कायदा तुमचाच हाय, भाऊजी."

भाऊजींनी गेट ओलांडलं. कायद्याला ते फार मानत.

सँड्राने दार दाखवलं, ढकलून कसं उघडायचं ते दाखवलं, दोनदा. मग जाकिटं काढली. विघ्नेशने मुकाट्याने घातलं. धर्माने घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, टोपी कानावर घेतली आणि हातमोजेसुद्धा मागून घेतले. भाऊजींनी जाकीट बोटाने उचलून बघितलं. आत कॉलरवर 'सुनंदा' लिहिलं होतं.

"बाईमानसाचं जाकीट घालू मी?"

"भाऊजी, आत लई गार हाय. घाला."

"पावसात उघड्या अंगानं आवनी केलीय मी. तू मला गार सांगतेस?"

"बघा हो. नंतर बोलू नका."

"चल, चल."

सुनंदाने ते जाकीट स्वतःच चढवलं आणि पट्ट्या बाजूला सारून चौघे आत गेले. सँड्रा आणि कृष्णाबाई दारात राहिल्या. आत सुनंदाने खेळ नीट मांडून ठेवला होता. स्वतःसाठी लाकडी फळी, त्यावर गोणपाटाच्या चार घड्या. समोर माल वाहायची लोखंडी ट्रॉली. भाऊजी ऐटीत ट्रॉलीवर बसले, कारण ती उंच होती. लोखंडाने सदऱ्यातून त्यांना कसा राम राम केला, ते त्यांच्या भुवयांवर दिसलं. पण ते बसले.

"बोला," सुनंदा म्हणाली. "कोनाकोनाचं नाही हाय? ज्याला नाही म्हनायचंय, त्यानं हितं बसून म्हनावं."

"माझं नाही," भाऊजी म्हणाले. तोंडातून वाफ निघाली.

"माझं पण," विघ्नेश म्हणाला. "आई, काळजी म्हणून बोलतोय."

सगळ्यांनी धर्माकडे बघितलं. धर्माने एकदा भावाकडे बघितलं, एकदा बायकोकडे. मग खाली बघत पुटपुटला, "माझं पन नाही."

नारळ बोलला, आणि बोलला तो असा! सुनंदाने ओठ दाबले. "बरं. बसा."

वर पंखे घोंघावत होते.

थंडीत बसायची एक रीत असते. नाकाने श्वास घ्यायचा. बुटात बोटं हलवत राहायची. गुळाचा खडा गालात धरायचा. लोखंडाला टेकायचं नाही. सुनंदाला हे सगळं अंगवळणी पडलेलं. तिला तिथे बसून डुलकी काढता आली असती. बाकीच्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, फक्त धर्माला थोडंफार होतं. बावीस वर्षं बायको रात्री हातपाय चोळत सांगायची, आणि तो बिचारा ऐकायचा.

दोन मिनिटं झाली असतील. धर्मा उठला.

"मला नाय झेपत," तो म्हणाला. मोठ्याने, स्पष्ट, गावाला ऐकू जाईल असा. "उठलो. माझा शब्द पडला."

आणि टोपी, जाकीट, हातमोजे सगळं घालून, गालावर थंडीची रेषसुद्धा नसलेला हा माणूस पट्ट्यांकडे निघाला. जाताना त्याने बायकोकडे बघितलं आणि डावा डोळा बारीक केला.

अरे चोरा! सुनंदाला आता कळलं. हो म्हणायची त्याला भावासमोर छाती नव्हती. म्हणून त्याने नाही म्हटलं आणि हरून दाखवलं. तीस वर्षं संसार केला, आणि या माणसात एवढा नाटकी माणूस बसलाय, ते तिला आज समजलं.

"धर्मा!" भाऊजी ओरडले. "नामर्दा!"

"हो," बाहेरून आवाज आला. "चहा हाय का गं, वहिनी?"

आता उरले दोन. विघ्नेशने फोन काढला. थोड्या वेळाने तो फोनकडे बघून म्हणाला, "हे काय? बॅटरी सत्तर टक्के होती."

"हितं फोन मरतात," सुनंदा म्हणाली.

"माझी साडेअकराची मीटिंग आहे."

"मग जा."

"जा म्हणजे काय? उठलो तर..."

"पडला तुझा शब्द. हो."

विघ्नेशने दात वाजू नयेत म्हणून जबडा धरला. "आई, हे ब्लॅकमेल आहे."

"तुला लहानपनी ताप आला की मी हितून जायची आनि थंड हात तुझ्या कपाळावर ठेवायची. तेव्हा हे काय होतं रे?"

विघ्नेशने जबडा सोडला. मग त्याचा आवाज बदलला. "तू रोज इथे असतेस? इतका वेळ?"

"वीस मिनटं आत, दहा बाहेर. आठ तास."

विघ्नेश कधी आत आलाच नव्हता. लहान असताना गेटवरून डबा देऊन जायचा. त्याने पोत्यांच्या त्या पांढऱ्या भिंतींकडे बघितलं, आईच्या काळ्या नखांकडे बघितलं. मग उठला. "केलाँगला नेट चालतं का ते बघून ठेवतो," म्हणाला आणि गेला.

राहिले भाऊजी.

त्यांनी तंबाखूची डबी काढली. बैठकीतलं हत्यार ते हेच. तंबाखू तळहातावर घेतली, चुन्याच्या बाजूला बोट घातलं. चुना दगड झाला होता. नखाने खरवडला, नाही निघाला. तंबाखू हातातून भुरभुर खाली सांडली. त्यांनी डबी बंद केली.

"भाऊजी, उठा आता."

"न्-नाय."

"माझं जाकीट घेता? उठू नका, मी फेकते."

"नाय म्-म्हटलं ना!"

"कशासाठी येवढं? मी पंधरा दिवसांनी येते परत."

"तू आज डोंगरात जाशील. उद्या दुसरी जाईल." भाऊजींचे ओठ निळसर दिसायला लागले होते. "घराला क्-कोन विचारनार मग?"

हे मात्र खरं निघालं त्यांच्या तोंडून. थंडी नाही, ऑक्सिजन नाही. कोण विचारणार.

"घराला कायम विचारलं मी, भाऊजी. स्कूटीला विचारलं. नळाला विचारलं. हितं कामाला लागायचं तेव्हा विचारलं, ते तेवढं तुम्ही लगेच हो म्हनालात. तवा थंडी नाय आठवली कोनाला?"

भाऊजी मांडीवर मुठी आवळून समोर बघत राहिले. सुनंदाची मजा आता संपली. बाहेर उभी असलेली सँड्रा पट्ट्यांमधून खुणा करत होती, बस झालं, बस झालं. म्हातारा अडुसष्टचा, अंगात नुसता सदरा. आणि हा मेला तरी उठणार नाही, बापाचा मुलगा आहे. सुनंदा उठली तर आत्ता जिंकलेलं सगळं गेलं. केलाँग गेलं, बाईला दिलेला शब्द गेला, आणि पुढच्या सगळ्या बैठकाही गेल्या. नाही उठली तर?

पन्नास मोजते, तिने ठरवलं. पन्नासला मी उठते आणि याला खांद्यावर टाकून नेते. गेला मटार खड्ड्यात. एक, दोन, तीन.

एकोणीसला भाऊजींनी तोंड उघडलं. सवयच ती. बैठक अडली की दुसरं काय करायचं, ते त्यांना येत नव्हतं.

"क्-कृष्णे," त्यांनी हाक मारली. "चहा आन."

मग पट्ट्यांपलीकडून कृष्णाबाईचा आवाज आला. चाळीस वर्षं त्या बाईने "हो, आनते" याशिवाय त्या हाकेला दुसरं उत्तर दिलं नव्हतं.

"चहा हितं हाय."

"आत आन."

"आत नाय येत. आत गार हाय." तिने थर्मासचं झाकण उघडलं, ते सगळ्यांना ऐकू आलं. आल्याचा वास पट्ट्यांमधून आत शिरला. "प्यायचा तर तुम्ही उठा."

भाऊजींनी पट्ट्यांकडे बघितलं. सुनंदाकडे बघितलं. चहाच्या वासाकडे बघितलं, तो दिसत नव्हता तरी. सुनंदा मोजत होती. बत्तीस, तेहेतीस.

चौतिसाव्याला शत्रुघ्न उठले. ट्रॉलीला चिकटलेला सदरा टरकन फाटला, तसेच थरथरत चालत गेले. सुनंदा त्यांच्या मागे धावली आणि दाराबाहेर जाताच आपलं जाकीट त्यांच्या अंगावर टाकलं. कॉलरवरचं नाव बाहेर आलं होतं, पण भाऊजींनी ते अंगाशी घट्ट ओढून घेतलं. कृष्णाबाईने कप त्यांच्या दोन्ही हातांत धरून दिला. धर्मा त्यांची पाठ चोळायला लागला. विघ्नेशने त्यांना उन्हात नेऊन बसवलं.

दोन कप गेल्यावर भाऊजींच्या तोंडाला रंग आला. मग त्यांनी विचारलं, "तिथं पन येवढीच थंडी असते?"

"नाय हो. सांगितलं ना, ऑगस्टात नुसता स्वेटर लागतो."

"मग हितं कशाला बसवलंस?"

"थंडीचं तुम्ही काढलं, भाऊजी. मी मटार म्हनत होते."

सँड्रा तोंडावर हात दाबून दुसरीकडे वळली. भाऊजींनी कपातला उरलेला चहा संपवला. मग कप कृष्णाबाईकडे दिला आणि म्हणाले, "पडला माझा शब्द. जा." आणि टेम्पोत जाऊन पुढच्या सीटवर बसले, जाकीट न काढता.

रविवारी सकाळी पावणेआठला सँड्रा चांदीपला आली, चर्चमधली मिस्सा बुडवून. "देवाला सांगितलंय, संध्याकाळी येते," म्हणाली. सुनंदाच्या ओट्यावर दोघी मोबाइल पुढे ठेवून बसल्या. चंदीगडपर्यंतची गाडी, तिथून मनालीची बस, पुढे बोगदा. शेतात न्यायला ट्रकवाला स्वतः येणार होता. त्याच्या बायकोने रात्री मेसेज केला होता, वर हिरव्या शेंगेचं चित्र. सुनंदाने तिच्यासाठी सुकटीचा डबा आधीच वेगळा काढून ठेवला होता, तीनदा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, नाहीतर गाडीच्या डब्यातले सगळे प्रवासी चंदीगडच्या आधीच उतरले असते.

"दोघींची नावं टाकली," सँड्रा म्हणाली. "आठ वाजले की बटण दाबायचं. पाच मिनिटं आहेत."

तेवढ्यात पलीकडच्या, भाऊजींच्या अंगणातून कृष्णाबाई आली. हाताला पीठ, पदर खोचलेला. ती कधी बसायची नाही, आली की उभ्याउभ्याच बोलून जायची. आज ती ओट्यावर चढली आणि त्या दोघींच्या मधे बसली. नीट बसली, मांडी घालून.

"माझं पन नाव टाका," ती म्हणाली.

सँड्राने सुनंदाकडे बघितलं. सुनंदाने पलीकडच्या ओट्याकडे बघितलं. तिथे भाऊजी खांबाला टेकून बसले होते आणि इकडेच बघत होते.

"ताई," सुनंदाने हळूच विचारलं, "विचारलंस का?"

कृष्णाबाईने हाताचं पीठ झटकलं.

"कोनाला?"

पलीकडे भाऊजी खाकरले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मग परत मिटलं.

"वय सांगा," सँड्रा म्हणाली. "पटकन सांगा, मावशी, एक मिनिट राहिलं."

"त्रेसष्ट," कृष्णाबाई म्हणाली. "आनि मला खिडकी पायजे."